बंदरावरचे इंग्रजी शब्द

इंग्रजी शब्दांविषयी चार गोष्टी सांगावयाच्या, तर त्यासाठी एखाद्या प्राध्यापकास बोलवावयाचे. ते सोडून या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी गोदी कामगारांच्या संघटनेत आयुष्य काढलेल्या माणसास बोलावले, याचे काहींना नवल वाटेल. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे इंग्रजी मला नोटिसांनी, करारनाम्यांनी आणि रद्दीच्या दुकानात मिळालेल्या एका जाडजूड शब्दकोशाने शिकविले. तेव्हा भाषाशास्त्राचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु बंदरात वावरणाऱ्या शब्दांशी माझा जो व्यवहार झाला तो पोटापाण्याच्या निमित्ताने झाला, आणि त्यामुळे काही गोष्टी ध्यानात राहिल्या. त्याच आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम एक शंका दूर करतो. एका शब्दाला पाच-पाच अर्थ, म्हणजे ही इंग्रजांची काही विशेष लबाडी आहे असे आमच्या पुष्कळ मंडळींना वाटते. तसे नाही. मुंबईत 'भाऊचा धक्का' आहे आणि गर्दीत बसणारा धक्काही आहे. सर्वच भाषांत हे चालते, आणि ते दोन रीतींनी होते. पहिली रीत वाढीची. माणसाचा डोळा, बटाट्याचा डोळा आणि मोरपिसाचा डोळा, यांत शब्द एकच आहे, त्याला फांद्या फुटल्या आहेत. दुसरी रीत गाठीची. दिव्यातली वात संस्कृत 'वर्ति'पासून आली आणि सांधे धरणारा वात हा संस्कृतातला 'वात', म्हणजे वारा. दोघांचे गोत्र निराळे, वाटेत गाठ पडली आणि रूप सारखे झाले. इंग्रजीत बंदराच्या आसपास या दोन्ही प्रकारचे शब्द भरपूर आहेत.

मूळ शब्द 'हार्बर' हाच घ्या. त्याचा पाण्याशी जन्मतः काहीही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'हेरे' म्हणजे सैन्य आणि 'बेओर्ग' म्हणजे आसरा. सैन्याचा तळ पडण्याची जागा ती हार्बर. पुढे कोणाही वाटसरूच्या मुक्कामाची जागा असा अर्थ झाला आणि त्याहीपुढे वादळात जहाजांना मिळणारा आसरा. सैन्याच्या पुढे जाऊन मुक्कामाची सोय पाहणारा जो माणूस, त्याला 'हार्बिंजर' म्हणू लागले. आज तो शब्द 'पुढे येणाऱ्या गोष्टीची चाहूल' या अर्थाने वर्तमानपत्रांत दिसतो. मनात अढी धरणे यालाही इंग्रजीत हार्बर करणे म्हणतात, म्हणजे रागाला घरात मुक्काम देणे. कायद्यात हा शब्द अधिक कडक आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत गुन्हेगाराला 'हार्बर' करणे हा अपराध होता, आणि त्यात केवळ घरात लपविणे नव्हे तर अन्न, पैसे, कपडे किंवा जाण्यासाठी वाहन पुरविणेही धरले जाई. दंडसंहिता गेली, नवी न्याय संहिता आली, तिच्यातही हा शब्द टिकून आहे. मुंबईकराला मात्र हार्बर म्हटले की ती लोकल आठवते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी आपल्या देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्यास गेली ती याच मार्गावरून. रोज त्या गाडीने जाणारे किती तरी लोक बंदराचे तोंडही पाहत नाहीत.

आणि मौज अशी की आपल्याकडचा एक शब्दही याच वाटेने उलटा गेला. फारसी 'लष्कर' म्हणजे सैन्य. पोर्तुगीजांच्या आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचे 'लास्कर' झाले आणि त्याचा अर्थ झाला हिंदुस्थानी खलाशी. मराठीत लष्कर कॅम्पात राहिले, इंग्रजीत ते जहाजावर चढले.

आता 'पोर्ट'. लॅटिनमध्ये 'पोर्टुस' म्हणजे बंदर, 'पोर्टा' म्हणजे दरवाजा आणि 'पोर्टारे' म्हणजे वाहून नेणे. तिघांचे मूळ एकच. बंदर हा देशाचा दरवाजा आणि तेथे मालाची वाहतूक, तेव्हा हे नाते आपल्यासही पटण्यासारखे आहे. 'इंपोर्ट', 'एक्स्पोर्ट' आणि स्टेशनावरचा 'पोर्टर' हे वाहून नेण्याच्या घरातले. 'पासपोर्ट' म्हणजे बंदरातून जाऊ देण्याचा परवाना. जहाजाच्या कुशीतली गोल खिडकी 'पोर्टहोल', ती दरवाज्याकडून आली. 'पोर्ट' नावाचे मद्य आहे, ते पोर्तुगालातल्या ओपोर्तो शहराच्या नावावरून. आणि त्या शहराच्या नावाचा अर्थही बंदर असाच आहे.

परंतु खलाशाला 'पोर्ट' म्हटले की तो डावीकडे पाहील. याला कारण आहे. जुन्या जहाजांना सुकाणू मागे नसून उजव्या बाजूस वल्ह्यासारखे बांधलेले असे. ती सुकाणूची बाजू, म्हणून 'स्टारबोर्ड'. सुकाणू मोडू नये यासाठी धक्क्याला लावायची ती डावी बाजू, आणि माल चढायचा तोही तेथूनच. तिला आधी 'लारबोर्ड' म्हणत. आता वादळात ओरडून सांगताना लारबोर्ड आणि स्टारबोर्ड यांत काय फरक ऐकू येणार? डावीकडे सांगावे आणि सुकाणूवाल्याने उजवीकडे वळवावे, यात जहाज जावयाचे. म्हणून १८४४ साली ब्रिटिश आरमाराने हुकूम काढून लारबोर्ड बंद केले आणि 'पोर्ट' हा शब्द पक्का केला. शब्द संदिग्ध राहिला तर माणसे मरतात, हे साहेबाला जहाजावर नीट कळत होते. कामगाराच्या करारनाम्यात तो तितका दक्ष का राहिला नाही, हा प्रश्न मी येथे नुसता नोंदवून ठेवतो.

याच घराण्यातला एक शब्द मला फार आवडतो. 'अपॉर्च्युनिटी', म्हणजे संधी. लॅटिनमध्ये जो वारा जहाजाला बंदराकडे नेतो त्याला 'ओप्पोर्तुनुस' म्हणत. संधी म्हणजे बंदराकडे वाहणारा वारा. तो वाहू लागला की शीड उभारलेले असले पाहिजे, एवढाच त्यातला उपदेश.

'डॉक' या शब्दात मात्र गाठींचा प्रकार आहे. डॉक नावाची एक पालेभाजी आहे, आपल्या आंबट चुक्याची ती सख्खी बहीण. तिचा आणि जहाजांचा काही संबंध नाही. जहाजाची गोदी हा 'डॉक' डच भाषेतून आला. त्यात पाणी कोंडून ठेवलेली ओली गोदी आणि पाणी उपसून दुरुस्ती करण्याची सुकी गोदी असे दोन प्रकार. अंतराळात दोन याने एकमेकांना जोडतात त्यालाही 'डॉकिंग' म्हणतात, ती याच शब्दाची नवी फांदी. तिसरा 'डॉक' म्हणजे जनावराच्या शेपटीचा मांसल भाग. त्यावरून शेपूट छाटणे, त्यावरून कोणतीही छाटाछाट, आणि शेवटी पगार कापणे. चौथा 'डॉक' न्यायालयात आरोपीने उभे राहावयाचा. तो फ्लेमिश भाषेतला. तेथे या शब्दाचा अर्थ कोंबड्यांचा किंवा सशांचा खुराडा. या चारांतले शेवटचे तीन कामगाराच्या एकाच आठवड्यात येऊ शकतात. सोमवारी तो डॉकमध्ये कामाला जातो, शनिवारी त्याचा पगार डॉक होतो, आणि त्याबद्दल त्याने फाटकापाशी जरा मोठ्याने विचारले तर पुढच्या सोमवारी तो डॉकमध्ये उभा असतो.

लहानसहान शब्दही पुष्कळ आहेत. जहाजाने धक्क्याला लागण्याची जागा 'बर्थ'. मूळ अर्थ जहाजाला हलायला पुरेशी मोकळी पाण्याची जागा. त्यावरून खलाशाची झोपण्याची फळी, आणि त्यावरून आपल्या रेल्वेतली वरची-खालची बर्थ. जन्मालाही इंग्रजीत बर्थ म्हणतात. त्याचे स्पेलिंग निराळे आहे, परंतु नागरीत लिहिले की फरक उरत नाही. 'क्रेन' म्हणजे क्रौंच पक्षी. यारीची मान त्याच्या मानेसारखी लांब, म्हणून तिला त्याचे नाव. जहाज धक्क्याला लागत नसे तेव्हा ज्या होडक्यांत माल उतरवून ते हलके करीत त्यांना 'लाइटर' म्हणत. विडी पेटवायचा लाइटर निराळा. त्यातला 'लाइट' उजेडाचा आणि होडक्यातला हलकेपणाचा. 'पायलट' म्हणजे बंदराच्या तोंडाशी जहाजावर चढून त्याला सुखरूप आत आणणारा जाणता माणूस. विमाने निघाल्यावर तो आकाशात गेला, आणि मंत्र्यांच्या पुढे धावणाऱ्या गाडीलाही आपण पायलटच म्हणतो.

येथपर्यंत ही करमणूक झाली. आता ज्या शब्दांत माणसाच्या भाकरीचा प्रश्न आहे त्यांच्याकडे वळतो.

'टॅली' म्हणजे मालाची मोजदाद. जहाजातून किती गोण्या उतरल्या हे लिहिणारा तो टॅली क्लार्क. शब्द आला लॅटिन 'तालेआ'पासून, म्हणजे काठी. जुन्या काळी इंग्लंडात हिशेब काठीवर खाचा पाडून ठेवीत आणि मग ती काठी उभी चिरून दोन भाग करीत. एक भाग देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. तंटा पडला की दोन्ही भाग एकमेकांना लावून पाहावयाचे. खाचा जुळल्या तर हिशेब खरा. म्हणून 'टॅली होणे' म्हणजे ताळा जुळणे. इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात ही पद्धत १८२६ पर्यंत चालली. मग त्या निरुपयोगी काठ्यांचे ढीग उरले. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या पार्लमेंटच्या इमारतीतल्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या, आग भडकली आणि जुन्या पार्लमेंटचा बहुतेक भागच जळाला. काठ्या जळाल्या, परंतु त्यांतली न्यायाची कल्पना विसरण्याजोगी नाही. अडाणी माणसालाही खाच बोटाने चाचपता येई आणि त्याचा अर्धा भाग त्याच्याच घरी असे. आज कागद इंग्रजीत असतो आणि त्याची प्रत बहुधा एकाच बाजूच्या कपाटात असते.

'डिस्चार्ज' हा शब्द त्याहून अवघड. त्याचे मूळ गाड्यावर ओझे लादणे. 'कार्गो', 'कॅरी' आणि 'चार्ज' ही सर्व त्याच गाड्याची मुले. डिस्चार्ज म्हणजे ओझे उतरविणे. जहाजातून माल डिस्चार्ज होतो. रोगी दवाखान्यातून डिस्चार्ज होतो. आरोपी डिस्चार्ज होतो, म्हणजे सुटतो. कामगार डिस्चार्ज होतो, म्हणजे त्याची नोकरी सुटते. आणि कर्ज डिस्चार्ज होते, म्हणजे देणे फिटते. प्रत्येक वेळी कोणाचे तरी ओझे उतरते हे खरे, परंतु कोणाचे, हे प्रत्येक वेळी निराळे असते.

१९९० नंतरच्या दशकातली एक हकीकत सांगतो. एका खाजगी ठेकेदाराकडे काम करणाऱ्या माणसाच्या हातावर माल घसरला आणि डाव्या हाताची दोन बोटे गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर चौथ्या दिवशी ठेकेदाराचा कारकून आला. 'डिस्चार्जच्या कागदावर सही राहिली आहे,' असे म्हणाला, हातावर थोडे पैसे ठेवले आणि सही घेऊन एक प्रत देऊन गेला. त्या माणसाला ठाऊक असलेला डिस्चार्ज एकच, दवाखान्याचा. त्याने सही केली. त्याची बायको दोन्ही कागद घेऊन आमच्या कचेरीत आली. ती निरक्षर होती, पण तिने विचारले, "भाऊ, दवाखान्यातून माणूस एकदा सुटला, मग त्याला पुन्हा कशाला सोडायचा?" कागदात लिहिले होते की सर्व मागण्यांचा पूर्ण आणि अंतिम 'डिस्चार्ज' म्हणून ही रक्कम पोचली. ओझे उतरले होते ते ठेकेदाराचे. सुदैवाने तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याचे १७ वे कलम असे होते की भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार कामगाराने केला तरी तो तेवढ्यापुरता रद्दबातल. प्रकरण आयुक्तांपुढे गेले आणि कायद्याने ठरलेली रक्कम त्यास मिळाली. परंतु त्या बाईने तो प्रश्न विचारला नसता तर कलम पुस्तकात आणि कागद कपाटात राहिला असता.

'डेमरेज' हा शब्द पाहा. त्याचे मूळ रेंगाळणे. ठरल्यापेक्षा अधिक दिवस जहाज अडकून राहिले तर भाड्याने घेणाऱ्याने मालकाला जो आकार द्यावयाचा तो डेमरेज. माल शेडमध्ये मुदतीबाहेर पडून राहिला तरी आकार लागतो तो हाच. म्हणजे जहाज रिकामे थांबले तर त्याच्या थांबण्याला किंमत आहे आणि त्या किमतीला नाव आहे. मग ज्या माणसाने पहाटे फाटकावर यावे, काम मिळेल म्हणून दोन तास ताटकळावे आणि रिकाम्या हाताने परत जावे, त्याच्या थांबण्याला काय नाव होते? शेकडो वर्षे काहीच नव्हते. त्या माणसालाच एक नाव होते, 'कॅज्युअल'. लॅटिन 'कासुस' म्हणजे योगायोग, त्यावरून आलेला हा शब्द. कचेरीतल्या कायम नोकराला 'कॅज्युअल लीव्ह' मिळते, ती भरपगारी. सुखवस्तू माणूस रविवारी 'कॅज्युअल' कपडे घालतो. आणि 'कॅज्युअल लेबर' म्हणजे ज्याची आजची भाकरी योगायोगावर आहे असा माणूस. एकच शब्द, परंतु एकाला त्यात आराम आहे आणि दुसऱ्याला धास्ती.

ही धास्ती मोडली ती 'स्ट्राइक'ने, आणि हा शब्द तर बंदराचाच आहे. स्ट्राइक म्हणजे प्रहार करणे. काडी ओढणे, घड्याळाचे टोले पडणे, सौदा ठरणे, वीज कोसळणे, या सर्वांना तोच शब्द. खलाशाच्या बोलीत शीड किंवा शिडाची आडवी काठी खाली उतरविणे म्हणजेही स्ट्राइक. १७६८ साली इंग्लंडच्या संडरलंड बंदरात खलाशांनी आपल्या तक्रारी चौकात जाहीर वाचून दाखविल्या, मग ते जहाजांवर गेले आणि शिडांच्या काठ्या उतरवून ठेवल्या. जहाजे जागची हलेनात. तेव्हापासून काम बंद ठेवणे या अर्थाने हा शब्द इंग्रजीत रुळला. संप म्हणजे मारहाण असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्या शब्दात मूळची क्रिया शीड उतरविण्याची आहे. अर्थात मालकाकडेही हाच शब्द आहे: हजेरीपटावरून नाव 'स्ट्राइक ऑफ' करणे.

पुढे १४ ऑगस्ट १८८९ रोजी लंडनच्या गोदी कामगारांनी शीड उतरविले. बेन टिलेट, टॉम मान, जॉन बर्न्स हे त्यांचे पुढारी. मागणी तासाला पाच पेन्सऐवजी सहा पेन्स, आणि कामावर घेतलेच तर किमान चार तासांची मजुरी. सहा पेन्सांच्या नाण्याला बोलीत 'टॅनर' म्हणत. चामडे कमावणाराही टॅनरच, पण येथे तो नाण्याचा. संप सुमारे पाच आठवडे चालला. ऑस्ट्रेलियातून तीस हजार पौंडांहून अधिक मदत आली. कार्डिनल मॅनिंग मध्यस्थीस उभे राहिले आणि टॅनर मिळाला. तरीही रोजचे ताटकळणे संपले नाही. त्याला १९४७ साल उजाडावे लागले. ब्रिटनमध्ये त्या साली गोदी कामगारांची नोंदणी होऊन, हजर राहूनही काम न मिळालेल्या माणसास हजेरीचे पैसे मिळू लागले. आपल्याकडे १९४८ चा कायदा झाला, १९५१ साली मुंबईत डॉक लेबर बोर्ड आले आणि येथेही हजेरीभत्ता सुरू झाला. माणसाच्या थांबण्याला अखेर नाव मिळाले. जहाजाच्या थांबण्याला ते कधीच मिळालेले होते.

तो काळ आता मागे पडला. कंटेनर आले, १९८९ साली न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले, १९९४ साली मुंबईचे डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले आणि खांद्यावरून उतरणारा माल पोलादी पेट्यांत गेला. ब्रिटनमधली योजना तर १९८९ सालीच रद्द झाली. आता कोणी म्हणेल की या जुन्या शब्दांची उठाठेव कशाला? त्यांना मी एकच शब्द दाखवितो. 'गिग' म्हणजे जहाजावरची हलकी, चिंचोळी होडी. गिग म्हणजे दोन चाकांची घोडागाडी. गिग म्हणजे वाजंत्र्यांना मिळालेली एका रात्रीची सुपारी. आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग वर्कर' हा शब्द कायद्यात आला. मालक आणि नोकर या रूढ नात्याच्या बाहेर राहून काम करणारा तो गिग वर्कर. आपल्या दारात जेवणाचा डबा घेऊन येणारा तरुण मुलगा हॉटेलाबाहेर फोनकडे पाहत उभा असतो. त्याच्या थांबण्याला काय नाव आहे, हे त्याला विचारून पाहा.

अनेक अर्थांचा शब्द हा दोष नव्हे. त्यानेच भाषा श्रीमंत होते. परंतु असा शब्द कागदावर आला की वाचणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत. येथे क्रिया करणारा कोण? ती कोणावर होते? आणि तिने ओझे कोणाचे उतरते? यासाठी पदवी लागत नाही. त्या निरक्षर बाईने तिसरा प्रश्नच निराळ्या शब्दांत विचारला होता. आणि उत्तर मिळेपर्यंत सही करू नये; सही केलीच, तर कागदाची प्रत मागून घ्यावी. काठीचा आपला अर्धा भाग आपल्या घरी असलेला बरा.